मालकांची आठवण: बोलायची कशी, जपायची कशी

आजचा विषय तुमच्यातल्याच एका ताईंनी दिलेला आहे. केंद्रावर फोन करून त्या म्हणाल्या, "मालकांना जाऊन दोन वर्षं झाली. अजून संध्याकाळी दारात त्यांच्या चपलांचा आवाज येतो. मी उठून बघतेसुद्धा. घरात सांगितलं तर वेड लागलं म्हणतील, नाहीतर भगताकडं नेतील. हे असं होतं का कुणाला?"

होतं, ताई. पुष्कळ जणींना होतं. आम्ही आमच्या गटात हा प्रश्न काढला, तर हजर असलेल्या चौघी विधवा बहिणींपैकी तिघींनी माना हलवल्या. इतकी वर्षं आम्ही एकत्र पैसे भरतोय, कर्ज उचलतोय, पण हे एकमेकींना कधी सांगितलं नव्हतं.

हे फक्त आपल्याकडं होतं असंही नाही. ब्रिटनमध्ये वेल्स नावाचा डोंगराळ भाग आहे, तिथंही शेती आणि मेंढरं. तिथले एक डॉक्टर, ड्यूई रीस, यांनी आपल्या भागातल्या जोडीदार गेलेल्या २९३ बायका-पुरुषांशी बोलून १९७१ साली एक लेख लिहिला. त्यातल्या जवळपास निम्म्या लोकांना गेलेला माणूस घरातच आहे असं कधी ना कधी वाटलेलं होतं. काहींना तो दिसला, काहींना त्याचा आवाज आला. पुष्कळांना त्याचा आधारच वाटला होता. तरीही बहुतेकांनी ते डॉक्टर विचारीपर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं. लोक हसतील म्हणून. म्हणजे तिथंही आपल्यासारखंच.

असं का होतं, ते समजून घेऊ. वीस-तीस वर्षं एका माणसाच्या वेळेवर आपलं घर चाललेलं असतं. तो आला की चूल पेटवायची, तो उठला की पाणी तापत ठेवायचं. आपले कान त्या वेळेला त्या आवाजाची वाट बघायला शिकलेले असतात. माणूस गेल्याचं आपल्याला कळतं, पण हातांना आणि कानांना ते कळायला फार वेळ लागतो. आमच्यातली एक जण सांगते, वर्ष झालं तरी काठवटीत पीठ घेताना हात दोन भाकरींचं जास्तच घ्यायचा. मग ते पीठ परत डब्यात टाकायचं, आणि तेव्हाच खरं रडू यायचं. दिवसकार्याला जेवढं आलं नाही तेवढं.

वासाचं तर आणखी वेगळं आहे. आपण बघतो, ऐकतो ते मेंदूत आधी एका मधल्या ठाण्यावर जातं आणि तिथून पुढं पाठवलं जातं. वासाची वाट आखूड असते. तो नाकातून जवळजवळ थेट, आठवणी आणि भावना सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांपाशी पोचतो. म्हणून ट्रंक उघडली, घोंगडीचा वास आला, की काही आठवायच्या आतच गळा भरून येतो. ही मनाची दुर्बळता नाही. शरीराची घडणच तशी आहे.

आता बारीकसारीक गोष्टींकडं येऊ.

कुणी गेलं की भेटायला येणारे काय बोलतात? माणूस देव होता, कष्टाळू होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. खोटं नसतं ते, पण ते गावातल्या कुठल्याही माणसाबद्दल म्हणता येतं. भिंतीवरच्या फोटोचंही तसंच. पुष्कळ घरांत तो फोटो आधार कार्डावरचा मोठा केलेला असतो, आणि फोटोवाला त्याला कोट-टाय चिकटवून देतो. जन्मभर ज्या माणसानं पायजमा आणि बंडी सोडून काही घातलं नाही, तो हार घालून साहेबासारखा बसलेला. नातवंडांना आजोबा म्हणून तेवढेच माहीत.

म्हणून आम्ही गटात एक सवय लावून घेतली. महिन्याची बैठक संपली, वही बंद झाली, की ज्यांना बोलायचं आहे त्यांनी मालकांची एकच बारीक गोष्ट सांगायची. गुण सांगायचे नाहीत, फक्त गोष्ट. पहिल्या खेपेला कुणी बोलेना. मग एक काकू म्हणाल्या, "ते भाकरीचा पापुद्रा आधी काढून कडेला ठेवायचे. लेकीला आवडतो म्हणून. लेक सासरी गेली तरी ठेवायचे." झालं. मग एकीमागून एक बोलू लागल्या.

एका वहिनींचे मालक पेट्रोल वाचावं म्हणून उतारावरच गाडी बंद करायचे आणि तशीच घरंगळत दारात आणायचे. त्यामुळं इंजिनाचा आवाज नाही, फक्त चेनची करकर. अजून कुणाची सायकल उतारानं गेली की त्या दचकतात. दुसरीचे मालक रात्रीची लाईट असली की पाणी पाजायला जाताना बॅटरी मुद्दाम दोनदा घराकडं मारायचे, म्हणजे बांधावर पोचलो. आता तिचा मुलगा जातो. तो मोबाईलवर मेसेज टाकतो. "मेसेज बरा आहे," ती म्हणते, "पण उजेड तो उजेड."

आणि एक आजी. त्यांचे मालक तंबाखू मळून झाली की चुन्याचं बोट दाराच्या चौकटीला पुसायचे. चाळीस वर्षं आजींनी त्यावरून भांडण केलं. ते गेल्यावर नातवाच्या लग्नाला घर रंगवायला काढलं, तेव्हा आजींनी रंगाऱ्याला चौकटीचा तेवढा टीचभर भाग सोडायला लावला. सून म्हणाली, पाहुणे काय म्हणतील? आजी म्हणाल्या, म्हणू देत.

आपल्या जुन्या चालीरीतींतसुद्धा या बारीक गोष्टींना जागा आहे, हे आमच्या लक्षात नंतर आलं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा काय होतं ते आठवा. सगळे आठवू लागतात. त्यांना भजी आवडायची, भजी ठेवा. विडी ठेवा. चहा ठेवा, जास्त साखरेचा. कुणी म्हणतं, धाकटीच्या लग्नाची काळजी होती, आम्ही करू म्हणून सांगा. कावळ्यावर तुमचा विश्वास असो नसो, त्या अर्ध्या तासात सगळं घर त्या माणसाच्या आवडीनिवडी मोठ्यानं बोलत असतं. भाद्रपदात म्हाळ घालतानाही तसंच, पानावर त्यांची आवडती भाजी पडते. पण एक बघा, घाटावर बोलतात ते बहुतेक पुरुष आणि भावकी. जिनं त्या माणसाला तीस वर्षं जेवायला वाढलं, ती घरी कोपऱ्यात बसलेली असते. खरं तर तिला विचारायला हवं.

उलट तिच्याकडून काढून घेण्याचीच घाई असते. कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं, जोडवी काढायची. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड गाव आहे. तिथल्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव करून या प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनीही हे करावं म्हणून परिपत्रक काढलं. तुमच्या गावात असा ठराव झाला आहे का, ते ग्रामपंचायतीत जरूर विचारा. नसेल तर पुढच्या ग्रामसभेत विषय घ्यायला सांगा. एकटीनं नको, गटानं मिळून अर्ज द्या.

पण ठराव झाला तरी एक गोष्ट राहतेच, ती नावाची. आपल्यात पुष्कळ जणी मालकांचं नाव घेत नाहीत. हे, कारभारी, अमक्याचे बाबा, एवढंच. नाव घ्यायचं ते उखाण्यात, हळदीकुंकवाला नाहीतर लग्नात. मालक गेले की हळदीकुंकवाचं बोलावणं थांबतं आणि उखाणाही थांबतो. मग ते नाव तोंडात येतं फक्त बँकेत आणि रेशनच्या दुकानात, स्वतःचं पूर्ण नाव सांगताना, आपल्या आणि आडनावाच्या मधलं. आमच्या गटात गेल्या संक्रांतीला सगळ्यांना बोलावलं. साठीच्या एका मावशींनी अकरा वर्षांनी नाव घेतलं. उखाणा जुनाच होता, मधली ओळ विसरल्या, तरी कुणी हसलं नाही. नंतर मात्र सगळ्याच हसल्या, त्यासुद्धा.

वस्तूंबद्दल थोडं. तेराव्यापर्यंत कपडे, अंथरूण, चपला सगळं वाटून टाकायची पद्धत आहे. गरजवंताला मिळतं, ते चांगलंच आहे. आमचं म्हणणं एवढंच, की काय द्यायचं आणि काय ठेवायचं हे तिला विचारा, आणि लगेच विचारू नका. त्या दिवसांत ती कशालाही हो म्हणते. एखादी टोपी, बटवा, चष्म्याचं घर असं काहीतरी तिच्या ट्रंकेत राहू द्या. न धुतलेला एखादा सदरा ठेवायचा असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावा, वास जास्त दिवस राहतो. आणि एखादीला काहीच ठेवायचं नसेल, तर तेही बरोबर आहे.

हे शेवटचं वाक्य सहज म्हटलेलं नाही. प्रत्येकीचा संसार गोड होता असं समजून आपण बोलू नये. आमच्यातल्या एकीचे मालक पिऊन यायचे. हात उचलायचे. ते गेल्यावर लोक तिला म्हणत, आता त्यांचं वाईट बोलू नये. ती गप्पच बसली. एका बैठकीत तिनं सांगितलं, "मला आठवतं ते त्यांनी कडी आपटल्याचं. त्या आवाजानं अजून पोटात गोळा येतो." थोडं थांबून म्हणाली, "पण शेळी व्यायला लागली की रात्र रात्र तिच्याजवळ बसायचे. शेळीला कधी ओरडले नाहीत." दोन्ही खरं. त्यातलं कुठलंही एक तिनं गाळावं असं आम्हाला वाटत नाही. ती रडली नाही, तरी तिला दुःख नाही असं कुणी समजू नये.

शंभर वर्षांपूर्वीच्या बायकांनी हे लिहून ठेवलेलं आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १९०१ साली वारले. त्यांच्या पत्नी रमाबाईंनी 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध केलं. रानडे मोठे विद्वान, पण रमाबाईंच्या पुस्तकात भेटतात ते घरातले रानडे. घरातल्या बायकांचा विरोध असताना बायकोला शिकवणारे. दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. कवी नारायण वामन टिळक १९१९ साली गेले, आणि लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागानं छापून आली. लक्ष्मीबाई शाळेत फारसं शिकलेल्या नव्हत्या. नवऱ्याचा राग, न सांगता घरातून निघून जाणं, हातातलं दुसऱ्याला देऊन टाकणं, हे सगळं त्यांनी लिहिलं, आणि बहुतेक हसत लिहिलं. त्यात ना तक्रारीचा सूर, ना आरती. तालुक्याच्या वाचनालयात दोन्ही पुस्तकांची चौकशी करा. आमच्या मते आधी लक्ष्मीबाई वाचाव्यात, त्या आपल्या वाटतात.

आपल्याला पुस्तक लिहायचं नाही. पण मोबाईल घरोघरी आहे, त्याचा उपयोग करू. कोविडमध्ये ज्यांचे मालक दवाखान्यातच गेले, त्यांतल्या कित्येकींना शेवटचं दर्शनही झालं नाही. एका बहिणीकडं व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक आवाज तेवढा आहे. "डबा पाठवू नको, इथं मिळतंय," एवढाच. असा आवाज एकाच फोनवर ठेवू नका, फोन बिघडला की गेला. मुलाच्या, भाच्याच्या फोनवर पाठवा, मेमरी कार्डावर उतरवून घ्या. मालकांचा नंबर रिचार्ज केला नाही तर काही महिन्यांत बंद होतो आणि पुढं दुसऱ्या कुणाला दिला जातो. मग त्या नंबरवर परका माणूस बोलतो, त्याची तयारी असू द्या. बँकेची, गॅसची कामं त्या नंबरवर असतील तर आधी आपला नंबर लावून घ्या.

मुलांना सांगायचं राहू देऊ नका. लहान मूल विचारायला घाबरतं, आई रडेल म्हणून. आई सांगायला घाबरते, पोर रडेल म्हणून. असंच वर्ष जातं. मूल जेवताना भाकरीचा पापुद्रा काढू लागलं, तर तिथंच म्हणावं, तुझे बाबा पण असंच करायचे. एवढं पुरतं.

एक काळजीची गोष्ट सांगून ठेवतो. आठवण येणं, आवाज येणं, अचानक रडू येणं यात घाबरण्यासारखं नाही. पण महिनोन्‌महिने झोप नाही, अन्न जात नाही, कामाला हात उचलत नाही, किंवा जीव नकोसा वाटतो, असं असेल तर भगत नको. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सांगा, नाहीतर १४४१६ या नंबरवर फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. मैत्रिणीचं असं दिसलं तर तिच्या शेजारी बसून नंबर आपण लावून द्यावा.

म्हाळाच्या पंधरवड्यात केंद्रावरून रोज संध्याकाळी तुमच्या आठवणी ऐकवायचं ठरवलं आहे. दोन मिनिटं पुरे. नाव सांगितलं नाही तरी चालेल, बोली तुमची तीच ठेवा. एक आठवण आधीच आली आहे. त्या बहिणीचे मालक बोरं खाताना बिया एका ओळीत मांडून मोजायचे, आणि मोजून झाल्या की टाकून द्यायचे. कशासाठी मोजायचे, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि हिनंही विचारलं नाही.