सगळ्या गाड्या ६१७४ ला!

मित्रहो, आपल्या गावाच्या नावातच एक छोटं कोडं आहे. बाहेर कुठं नुसतं "धामणगाव" सांगून भागत नाही. कोणतं? अचलपूरकडचं धामणगाव गढी, की बुलडाण्यातलं धामणगाव बढे? मग आपण "रेल्वे" जोडतो आणि दोन चुकीची उत्तरं तिथल्या तिथं बाद होतात. लॉजिकचं कोडंही असंच सुटतं. एकेक माहिती घ्यायची, एकेक शक्यता खोडायची.

होस्टेलमध्ये मात्र कोडी सुटत नाहीत, फुटतात. कुणी मेसमध्ये कोडं घातलं की दुसऱ्या मिनिटाला समोरून आवाज येतो, "काहून डोकं खातं बे, उत्तर सांग नं!" आणि कॅम्पसचा सीझन आला की सिनिअरांनी ठेवलेल्या झेरॉक्सचे गठ्ठे फिरू लागतात. त्यात कोडं असतं, उत्तर असतं, मधला रस्ता नसतो. पाठ करून रिटन निघूनही जाते. पण इंटरव्ह्यूत समोरचा हसत हसत विचारतो, "असंच का?" तिथं गाडी अडते.

वाघ, शेळी आणि गवताची पेंढी हे कोडं सगळ्यांना माहीत असेल. युरोपात त्याचं लांडग्यावालं रूप सुमारे बाराशे वर्षं जुन्या लॅटिन संग्रहात सापडतं. आपण ते पुलगावजवळ वर्धा नदीवर आणू. नावेत माणसासोबत एकच वस्तू मावते. माणूस नसला तर वाघ शेळीला खातो, शेळी गवताला. आधी शेळी पलीकडे न्यायची हे पाचवीतला पोरगाही सांगतो. मग वाघ नेला, की आता परत येताना शेळीला सोबत आणायचं! सगळे अडतात ते इथेच. पलीकडे पोचवलेली वस्तू परत आणणं म्हणजे नुकसान, असं डोक्यात बसलेलं असतं. ही अट कोड्यात कुठेच लिहिलेली नाही, ती आपणच घातलेली असते. पुढे शेळी अलीकडे ठेवून गवत न्यायचं, रिकामं यायचं, शेवटी शेळी. सात फेऱ्या.

पण माझं सगळ्यात आवडतं कोडं आपल्या महाराष्ट्रातलं आहे, तेही एका शाळामास्तरांचं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचा. आयुष्यभर देवळालीला शाळेत शिकवलं. संख्यांशी खेळण्याचा त्यांना भारी नाद. १, १२१, १२३२१ अशा घराण्यातल्या संख्यांना त्यांनी 'डेम्लो' नाव दिलं. कुठून आलं हे नाव? जी.आय.पी. रेल्वेच्या एका स्टेशनवरून, म्हणजे आजच्या डोंबिवलीवरून; ती कल्पना त्यांना तिथं सुचली म्हणून. आपलं स्टेशनही त्याच जी.आय.पी.चं बरं का!

तर खेळ असा. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठ्यातून छोटी वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. आपल्या पिनकोडचे शेवटचे चार अंक घेऊ, ४७०९.

९७४० − ०४७९ = ९२६१
९६२१ − १२६९ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आता ६१७४ चं करा. ७६४१ − १४६७ = पुन्हा ६१७४! दुसरी कुठलीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत गाडी इथंच येऊन थांबते. कापरेकरांनी हे मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं ते साल १९४९. तेच घेऊन बघा, बरोबर सात पायऱ्या लागतात. एकच पथ्य पाळायचं, पुढचं शून्य गाळायचं नाही. २१११ मध्ये उत्तर ०९९९ येतं. ते ९९९ लिहिलं की पुढच्या वजाबाकीत सगळं शून्य.

इथवर चौथीच्या पोराचं काम झालं. आता आपलं. असं का होतं?

अंक मोठ्यापासून अ, ब, क, ड धरा. मोठी संख्या १०००अ + १००ब + १०क + ड, आणि छोटी तिच्या उलट. वजाबाकी केली की उरतं ९९९(अ − ड) + ९०(ब − क). म्हणजे चार अंक कुठले होते याच्याशी देणंघेणंच नाही, फक्त दोन फरक महत्त्वाचे. पहिला फरक १ ते ९, दुसरा ० पासून पहिल्याइतका. मोजा, २ + ३ + ... + १० = ५४. सुरुवातीच्या ९९९० संख्या (शून्याने सुरू होणाऱ्याही धरून) पहिल्याच वजाबाकीत ५४ वर येतात! एवढ्या तर दोन रूममेट एका संध्याकाळी हाताने तपासू शकतात. आणि ६१७४ स्वतःवरच का येते? ७ − १ = ६, ६ − ४ = २; ९९९ × ६ + ९० × २ = ६१७४. एवढंच.

कापरेकरांच्या या उद्योगाला आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांनी फारसं मनावर घेतलं नाही. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा नाव जगभर झालं. रिटायर होऊन तोवर बारा-तेरा वर्षं उलटली होती. मला यात राग येतो तो एवढ्याचसाठी, की पोरखेळ म्हणणाऱ्यांनी "का?" विचारलं असतं तर वरची दोन ओळींची बीजगणिताची गंमत त्यांनाही दिसली असती.

तीन अंकी संख्यांचं स्टेशन ४९५. पाच अंकीला स्टेशनच नाही, गाडी गोल गोल फिरत राहते. ५३९५५ वरून ५९९९४ आणि तिथून परत ५३९५५, असं एक वर्तुळ आहे. सहा अंकीत दोन स्टेशनं, ५४९९४५ आणि ६३१७६४, शिवाय सात संख्यांचं एक वर्तुळ. आता आपला आख्खा पिनकोड घ्या, ४४४७०९. पहिली वजाबाकी मी करून देतो, ९२९९६१. तो कुठं जातो ते तुम्ही शोधा. आणि सापडलं तर मेसमध्ये लगेच सांगू नका राजेहो, समोरच्यालाही वही काढू द्या.