हातभर अंतराचा रिमोट : आकाशउडीतील कॅमेरा आणि त्याचा खटका

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे उल्काविवर एका काठापासून समोरच्या काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. पोटावर आडवा होऊन खाली येणारा स्कायडायव्हर, एकदा पूर्ण वेग आला की, तेवढे अंतर साधारण ३५ सेकंदांत कापतो. विमान सोडल्यापासून पॅराशूट उघडेपर्यंतच्या या पडण्याला मुक्त पतन म्हणतात. शरीराचे वजन आणि हवेचा विरोध यांचा तोल दहा-बारा सेकंदांत साधतो, वेग ताशी १९० किलोमीटरांच्या आसपास स्थिरावतो आणि १३,००० फुटांवरून घेतलेल्या उडीत हे सारे फार तर एका मिनिटात आटोपते. छायाचित्रकाराला जे टिपायचे ते याच मिनिटात, आणि तेही कॅमेऱ्याला हात न लावता टिपावे लागते.

हात न लावण्याचे कारण असे की मुक्त पतनात हात हेच पंख आणि तेच सुकाणू असतात. एक हात आत ओढला की त्या बाजूचा हवेचा आधार घटतो आणि शरीर कलून वळू लागते. म्हणजे बटणाकडे बोट नेताच टिपायची चौकटच निसटते. शिवाय ठरलेल्या उंचीवर उजवा हात कमरेमागच्या हँडलकडे गेलाच पाहिजे, कारण त्या हँडलने बाहेर पडणारी छोटी छत्री मोठ्या छत्रीला ओढून काढते. म्हणून कॅमेरा हेल्मेटवर चढला, मान हीच त्याची तिपाई झाली आणि बटण मात्र शरीराच्या दुसऱ्याच भागाकडे सोपवावे लागले.

बटण आणि बोट यांची ही फारकत स्कायडायव्हिंगपेक्षा जुनी आहे. १८८८ मध्ये फ्रान्समधील आर्थर बात्यू याने पतंगाला कॅमेरा बांधून जमिनीचे चित्र घेतले, तेव्हा शटर पाडण्याचे काम हळूहळू जळणाऱ्या वातीने केले. १९०७-०८ च्या सुमारास जर्मनीतील यूलिउस नॉयब्रोनर या औषधविक्रेत्याने कबुतरांच्या छातीवर छोटे कॅमेरे बांधले, त्यांत हवेच्या दाबावर चालणारी वेळयंत्रणा होती. जुन्या स्टुडिओत छायाचित्रकाराच्या मुठीत असणारा रबरी फुगाही त्याच कुळातला. वात आणि वेळयंत्रणा यांत मोठी उणीव होती, ती अशी की क्षणाची निवड माणसाच्या हाती राहत नव्हती. आकाशउडीत तर ती निवडच सर्वस्व असते, आणि तिच्यासाठी तोंड कामी आले.

तोंडाने चालणारे खटके तीन तऱ्हांचे आहेत. पहिला दातांनी चावण्याचा : मऊ नळीत बसवलेले बारीक बटण दाढांमध्ये धरायचे आणि हवे तेव्हा दाबायचे. दुसरा जिभेचा, त्यात जबडा आवळावा लागत नाही, म्हणून मानही ताठरत नाही. तिसरा फुंकेचा, ज्यात नळीतील हवेचा दाब बदलला की आतील संपर्क जुळतो. स्टुडिओतील रबरी फुग्याची जागा येथे गालांनी घेतली, असे म्हणता येईल. यांमागची विद्युतरचना शाळकरी प्रयोगाइतकी साधी आहे. अनेक स्थिरचित्र कॅमेऱ्यांच्या रिमोट-खोबणीत तीन तारा येतात : एक सामायिक, दुसरी तिच्याशी जोडली की फोकस सुरू होतो, तिसरी जोडली की शटर पडते. हवेत फोकस शोधायला वेळ नसल्याने भिंग विमानात चढण्यापूर्वीच ठराविक अंतरावर लावून चिकटपट्टीने पक्के करतात आणि खटका दाबून धरला की चित्रांची माळ सुरू होते. महागड्या भिंगांचे कौतुक सर्वत्र होते. लाळेने गंजणाऱ्या आणि कानामागे तुटणाऱ्या या स्वस्त तारेवर सगळी उडी अवलंबून असते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

चलच्चित्रणाची अडचण वेगळी होती. तेथे खटका एकदाच दाबायचा, पण तो लागू पडला की नाही हे कळणार कसे? कॅमेरा डोक्यावर, पडदा नजरेआड आणि कानांत वाऱ्याचा गडगडाट. सोनीच्या कॅमकॉर्डरमध्ये ‘लँक’ नावाची नियंत्रण-पद्धत होती. तिच्यातून आज्ञा आत जात असे आणि कॅमेऱ्याची स्थिती बाहेर येत असे. तिचा उपयोग करून डोळ्याच्या कोपऱ्याशी एक बारीक दिवा बसवण्यात आला, जो चित्रण चालू आहे की थांबले आहे ते रंगाने सांगे. दुसऱ्या डोळ्यापुढे नेम धरण्यासाठी वर्तुळे दाखवणारी काच असे. पुढे गोप्रोसारखे काडेपेटीएवढे कॅमेरे आले, विमानाच्या दारातच चित्रण सुरू करून मिनिटभर विसरून जाणे शक्य झाले आणि हे दिवे बरेचसे अडगळीत गेले. स्थिरचित्रांसाठी मात्र दात आणि जीभ यांची नोकरी अजून शाबूत आहे.

मराठी वाचकाला आकाशउडीच्या क्षेत्रातील सर्वांत परिचित नाव पुण्याच्या शीतल महाजन यांचे. त्यांनी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर उणे ३७ अंश तापमानात उडी घेतली, २००६ मध्ये दक्षिण ध्रुवावर, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अशा थंडीत बॅटरीची क्षमता झपाट्याने घटते आणि जाड हातमोज्यातील बोटाला बटण लागतही नाही, यावरून साध्या खटक्याची किंमत कळावी. २०१८ मध्ये त्यांनी थायलंडमधील पट्टाया येथे नऊवारी नेसून उडी घेतली. हवेत फडफडणाऱ्या वस्त्रासह उडी घेणाऱ्याचे समोरून चित्र हवे असेल, तर त्याच उंचीवर, त्याच वेगाने, समोरासमोर पडणारा दुसरा माणूस लागतो, आणि त्या दुसऱ्याचे कौशल्य चित्रात कधीच दिसत नाही.

२०२० च्या उन्हाळ्यात लोणारचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा २५ मे आणि १० जून या दोन दिवसांची चित्रे लँडसॅट-८ या उपग्रहाने सुमारे ७०५ किलोमीटर उंचीवरून दिली. त्या कॅमेऱ्याचे नियंत्रण खऱ्या अर्थाने दूरचे. आकाशउडीतील ‘रिमोट’ हातभर तारेचा, कधी त्याहूनही तोकडा. चालवणारा आणि कॅमेरा एकाच देहावर असतात आणि एकाच वेगाने पडतात. त्यामुळे चूक झाली तर एकटा कॅमेरा फुटत नाही. १९८८ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनात शेकडो उड्यांचा अनुभव असलेला एक चित्रणकार पॅराशूट न बांधताच विमानाबाहेर पडला आणि मरण पावला; त्याच्या अंगावर चित्रणाचे साहित्य होते, आणि त्या ओझ्यालाच पॅराशूट समजण्याची चूक झाली असावी, असा तर्क केला गेला. छत्रीची दोरी कॅमेऱ्यात अडकली तर हेल्मेटच एका झटक्यात सोडून देता यावे, अशी सोय आता करतात. सगळ्या खटक्यांत हाच पहिला मानायला हवा, मग त्याने एकही चित्र निघत नसले तरी चालेल.

अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेची शिफारस अशी आहे की, किमान २०० उड्या झाल्याखेरीज कोणीही अंगावर कॅमेरा घेऊन उडी घेऊ नये. बुलढाण्याहून कोणी हरियाणातील नारनौलला पहिल्या उडीसाठी जाणार असेल, तर ती उडी प्रशिक्षकाच्या पट्ट्यांना बांधून घ्यायची असते आणि चित्रणाचा कॅमेरा प्रशिक्षकाच्या मनगटावर किंवा शेजारी पडणाऱ्या दुसऱ्या उडीपटूच्या हेल्मेटवर असतो. आपला फोन जमिनीवर ठेवूनच विमानात चढावे.