यंत्राच्या बाहूतील बळ

जुन्नर व आंबेगाव हे सह्याद्रीच्या कुशीतील तालुके. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे चिखलाखाली गाडली गेली. भर पावसात तो ढिगारा उपसण्यास पोलादी बाहूंची यंत्रे आणावी लागली. त्या बाहूंत बळ येते कोठून?

बाहूलगत तेलाने भरलेले जाड नळकांडे असते. त्यास सिलिंडर म्हणतात. त्यात एक दट्ट्या व त्याला जोडलेला चकचकीत दांडा असतो. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोहोचतो, हा नियम पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात सांगितला. पंप तेल दाबतो, तेल दट्ट्यास ढकलते आणि बाहू दगडमाती उचलतो.

दट्ट्याभोवती लवचीक कडी असते. ती झिजली की तेल निसटते व उचललेला भार हळूहळू खाली येऊ लागतो. मग कारागीर बाहू जमिनीवर टेकवून तेलाचा दाब मोकळा करतो. सिलिंडर उतरवून प्रत्येक भाग धुतो. नळकांड्यातील ओरखडे घासून काढतो, दांड्यावर क्रोमियमचा नवा मुलामा चढवून घेतो आणि नव्या कड्या बसवितो. धुळीचा कणही तो आत राहू देत नाही. कारण तोच कण नव्या कडीस कापतो. शेवटी बाहू रिकामाच वरखाली करून आतील हवा घालवितो आणि मगच त्यावर भार देतो.

हे काम कोणाच्या दृष्टीस पडत नाही. परंतु संकटकाळी कित्येकांचे प्राण त्या लहानशा कडीवर आणि ती बसविणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असतात.