इंग्रजी शब्दांची शिदोरी

• पूर्वपीठिका : धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. त्या संस्थानातील उस्मानिया विद्यापीठात (स्थापना १९१८) तेव्हा माध्यम उर्दू, इंग्रजी सक्तीचा विषय.
• पहिलीपासून इंग्रजी : राज्यातील मराठी शाळांत सन २००० पासून.
• कोश : मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, मोल्सवर्थ-कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७चा.
• दोन साठे : वाचून कळतो तो ओळखीचा शब्द, बोलता-लिहिताना आपसूक येतो तो वापरातला.
• फोड : ‘बेनेव्होलंट’ = लॅटिन ‘बेने’ (भले) + ‘व्होलेन्स’ (इच्छिणारा), म्हणजे हितचिंतक.
• गल्लत टाळा : ‘एमिनंट’ म्हणजे नामवंत, ‘इमिनंट’ म्हणजे येऊन ठेपलेले.
• आपली देणगी : इंग्रजीतला ‘मंगूस’ मराठी ‘मुंगूस’वरून आला.