जुन्या डिझेल जीपचे अडखळणारे इंजिन

इंजिन अडखळू लागले, की पुष्कळ जण थेट पंपच उतरवितात. ही घाई महागात पडते. प्रथम फिल्टरात साचलेले पाणी काढावे व नळ्यांतील हवा हातपंपाने घालवावी. दोष राहिल्यास इंजिन मंद चालवून प्रत्येक नोझलच्या नळीचा नट पाळीपाळीने किंचित सैल करून पुन्हा आवळावा. जो नट सैल करूनही इंजिनाची चाल बदलत नाही, त्या सिलिंडरात दोष समजावा. इंजिन बंद करून तेथील नोझल शेजारी बसवावे. दोष त्याबरोबर सरकला, तर तेच दुरुस्तीस द्यावे, अन्यथा झडपा व दाब तपासून घ्यावा. नट पान्यानेच फिरवावा, बोट जवळ नेऊ नये. जोराने उडालेले डिझेल कातडीत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली, तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. नव्या कॉमन रेल इंजिनावर हा प्रयोग मुळीच करू नये.