नातवंडांचा कॉम्प्युटर-केमिस्ट्रीचा प्रोजेक्ट : निवडताना काय बघावे

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांची नातवंडे आता कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकतात. ती काय बोलतात ते आपल्याला अर्धेही कळत नाही. माझा नातू इथे बहरीनमध्ये शेवटच्या वर्षाला आहे. त्याला केमिस्ट्री आणि कॉम्प्युटर मिळून एक प्रोजेक्ट निवडायचा होता. मी नर्सिंग डिप्लोमावाली, पण त्याच्याशेजारी बसून जे समजलं ते सांगते.

रेणू कसा वाकेल, कशाला चिकटेल, हे टेस्टट्यूबमध्ये न करता गणिताने काढायचे, असे हे शास्त्र आहे. २०१३ चे केमिस्ट्रीचे नोबेल याच कामाला मिळाले : मार्टिन कारप्लस, मायकेल लेविट आणि एरिए वॉर्शेल यांना. वॉर्शेल किबुत्झमध्ये वाढलेले. ते आणि लेविट तरुणपणी रेहोवोतच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये ‘गोलेम’ नावाच्या कॉम्प्युटरवर काम करीत.

मला डायबेटिस आहे, म्हणून नातू म्हणाला, “आजी, मी इन्सुलिनवरच करतो.” पोराचं मन चांगलं. पण हिशेब बघा. पॅरासिटामॉलच्या रेणूत २० अणू. इन्सुलिनमध्ये जवळजवळ ८००. रेणू दुप्पट झाला की काम दुप्पट होत नाही. साध्या पद्धतीतही ते ढोबळमानाने १६ पट होते, फार अचूक पद्धतीत १२८ पट. म्हणजे एक दिवसाचे काम चार महिन्यांवर जाते. इथे तर मे महिन्यात प्रोजेक्ट द्यायचा. तो अपुरा राहिला तर वर्ष जाणार, आणि फीचे पैसेही.

म्हणून आम्ही चार गोष्टी ठरवल्या.

पहिली, रेणू लहान हवा. दुसरी, उत्तर आधीच माहीत असलेले हवे. पाण्याच्या रेणूतला कोन १०४.५ अंश आहे. प्रोग्रॅमने ९० काढला तर चूक लगेच कळते. नवे थर्मामीटर आपण आधी निरोग्या माणसाला लावून बघतो, तसेच हे. तिसरी, सगळे शून्यापासून लिहू नये. ओपन बॅबेल, आरडीकिट, अ‍ॅव्होगॅड्रो ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, त्यांचा कोडही वाचता येतो. चौथी, अडले तर विचारायला जाणता माणूस हवा.

शेवटी त्याने निवडला मापे तपासणारा छोटा प्रोग्रॅम. अणूंमधले अंतर काही फाइलींत अँगस्ट्रॉममध्ये असते, काहींत बोरमध्ये. एक बोर म्हणजे ०.५२९ अँगस्ट्रॉम. माप चुकीचे धरले तर रेणू दाबून निम्मा होतो, आणि सगळी उत्तरे वाया. मला हे पटकन पटलं. वॉर्डात मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅममध्ये हजार पटीचा फरक असतो. डोस देण्याआधी दोघींनी तपासायचा, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवलेलं.

कॉलेजबाहेरही संधी आहेत. गूगलचा ‘समर ऑफ कोड’ २००५ पासून चालतो. त्यात केमिस्ट्रीच्या संस्थाही आलेल्या आहेत. २०२२ पासून विद्यार्थी असण्याचीही अट नाही, वय मात्र १८ पूर्ण हवे.

तेव्हा नातवंडाला एवढेच विचारा : किती दिवसांत होईल? बरोबर आलं हे कशावरून कळेल? अडलास तर कोणाला विचारशील? तिन्हींची उत्तरे सरळ आली तर खुशाल करू द्या. इन्सुलिन कुठे जात नाही; ते पुढच्या डिग्रीला करता येईल.