पेरणीआधी घरच्या घरी उगवण तपासा : सोलापूर जिल्ह्यातील सोयाबीन, तूर आणि रब्बी ज्वारीसाठी

बियाणे उगवणार की नाही, हे पेरल्यानंतर कळले तर तोपर्यंत पाऊस, मशागत, खत आणि आठ-दहा दिवस हातचे गेलेले असतात. सोलापूरसारख्या कमी पावसाच्या जिल्ह्यात पेरणीयोग्य ओल वारंवार मिळत नाही. म्हणून दुबार पेरणी म्हणजे फक्त बियाण्याचा दुप्पट खर्च नव्हे, पिकाचा हंगामच मागे सरकतो. हे टाळण्यासाठी लागते ते एक जुने गोणपाट, मूठभर दाणे आणि आठवडाभराचा वेळ. बार्शी, अक्कलकोट, मोहोळ भागात सोयाबीन वाढले आहे आणि त्यातले बरेचसे घरचेच बियाणे असते. त्यामुळे ही चाचणी सर्वांत जास्त कामाची आहे ती सोयाबीनला. पण तूर आणि रब्बी ज्वारीलाही ती चुकवू नका.

बियाणे कशाने खराब होते

सोयाबीनच्या दाण्यावरचे आवरण फार पातळ असते आणि कोंब व मूळ जिथून निघते तो भाग त्या आवरणाच्या अगदी लगत असतो. पोते ट्रॉलीतून आपटले, मळणी यंत्र जोरात फिरले, की दाणा वरून धडधाकट दिसतो पण आत कोंबाला मार बसलेला असतो. बियाण्यासाठी मळणी करायची असेल तर ड्रमची गती मिनिटाला 400 ते 500 फेऱ्यांच्या वर जाऊ देऊ नये. दाणा जास्त वाळलेला असेल तर याहूनही कमी ठेवावी. हा मार उघड्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच ‘दाणा टपोरा आहे, उगवेलच’ या भरवशाला अर्थ नाही.

दुसरे कारण काढणीच्या वेळचा पाऊस. 2019 मध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात राज्यात ठिकठिकाणी काढणीला आलेले सोयाबीन भिजले आणि 2020 च्या खरिपात बियाणे न उगवल्याच्या हजारो तक्रारी आल्या. शेंगेत भिजून पुन्हा वाळलेल्या दाण्याचे आयुष्य तिथेच कमी होते. नंतर कितीही नीट साठवले तरी ते परत येत नाही. ज्या वर्षी काढणी पावसात सापडली, त्या वर्षीच्या बियाण्याकडे पुढच्या हंगामात संशयानेच पाहावे.

तिसरे कारण साठवण. बियाण्यात ओलावा 12 टक्क्यांपेक्षा जास्त नको, पोती थेट फरशीवर किंवा भिंतीला टेकून नकोत, आणि थप्पी उंच नको, कारण खालच्या पोत्यातले दाणे दाबले जातात. पत्र्याच्या खोलीत उन्हाळाभर तापलेले बियाणे आणि माळवदाच्या घरात थंडाव्याला राहिलेले बियाणे यांच्या उगवणीत चांगलाच फरक पडू शकतो.

पाच मिनिटांची झटपट पारख

गोणपाटाकडे वळण्याआधी सोयाबीनची एक सोपी पारख करून घ्या. शंभर दाणे पाण्यात पाच ते सात मिनिटे ठेवा. ज्या दाण्यांच्या आवरणावर सुरकुत्या पडतात त्यांचे आवरण शाबूत आहे. जे सुरकुत्या न पडता नुसते फुगतात त्यांच्या आवरणाला इजा झालेली आहे. पाणी थेट आत शिरले आहे. फुगलेले दाणे बरेच निघाले तर बियाण्याला मार बसला आहे असे समजा. यावरून उगवणीचा टक्का मात्र काढता येत नाही. आतला कोंब जिवंत आहे का, हे दाणा अंकुरल्याशिवाय कळत नाही. आणि हे फक्त पारखण्यापुरते: पेरायचे सोयाबीन कधीही भिजवून पेरू नका.

गोणपाटाची चाचणी

नमुना घेताना सगळ्या पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून, मूठ मूठ घ्या आणि एकत्र मिसळा. त्यातून दाणे मोजताना निवड करू नका. बरेच जण इथेच फसतात. हात आपोआप चांगल्या दाण्याकडे जातो आणि टक्का फुगतो. पोत्यात जे आहे तेच शेतात पडणार आहे, तेव्हा बारके, फुटके, डागाळलेले जसे येतील तसे घ्या. बियाणे चाळून-निवडून पेरणार असाल तर मात्र नमुनाही निवडणीनंतरच घ्या.

गोणपाट स्वच्छ धुऊन, ओले करून घट्ट पिळा. हाताने दाबल्यावर पाणी ठिबकता कामा नये. अंकुरायला दाण्याला पाण्याइतकीच हवा लागते, आणि पाण्यात बुडून राहिलेला दाणा गुदमरून कुजतो. एका तुकड्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडा, दोन दाण्यांत दीड-दोन सेंटिमीटर अंतर ठेवा. वरून दुसरा ओला तुकडा पसरून सैलसर गुंडाळी करा, सुतळीने बांधा आणि उभी ठेवा. उभी ठेवली की मुळे सरळ खाली जातात, एकमेकांत गुंतत नाहीत आणि मोजणी सोपी होते. गोणपाट नसेल तर वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्याही चालतात, पण कागद लवकर वाळतो, रोज बघावे लागते. पाणी पिण्याचे वापरा. काही बोअरचे पाणी इतके खारवट असते की त्यानेच उगवण घटते.

आता सोलापूरची खास अडचण. ही चाचणी आपण मे महिन्यात करतो आणि बाहेर पारा 42-43 अंशांवर असतो. सोयाबीनला अंकुरायला 25 ते 30 अंश तापमान मानवते. पत्र्याखाली किंवा ओसरीवर ठेवलेली गुंडाळी उकडते, दाणे कुजतात आणि चांगल्या बियाण्यावर नाहक शिक्का बसतो. गुंडाळी मधल्या घरात, रांजणाजवळ किंवा माठाच्या तिवईखाली ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ हात लावून ओल पाहा.

एकच गुंडाळी करून थांबू नका. खरी उगवण 70 टक्के असलेल्या बियाण्यातून शंभर दाणे घेतले तर निव्वळ योगायोगाने कधी 62 उगवतील, कधी 78. म्हणून प्रयोगशाळेत चारशे दाणे लावतात. तुम्हीही शंभर-शंभरच्या चार गुंडाळ्या करा आणि सरासरी काढा. चारपैकी एखादी 80 आणि दुसरी 50 असा फरक आला, तर दोष बियाण्याचा नसून ओल किंवा जागेचा असू शकतो, पुन्हा लावा.

मोजायचे काय

सोयाबीनची अंतिम मोजणी आठव्या दिवशी, तुरीची सहाव्या दिवशी, हरभऱ्याची आठव्या आणि ज्वारीची दहाव्या दिवशी करावी. नुसते मोड दिसले म्हणून उगवला, असे धरू नका. मूळ सरळ आणि पुरेसे लांब, कोंब शाबूत, पानाची दले निम्म्याहून अधिक चांगली असलेले रोपटेच मोजा. मूळ नसलेले, मान मोडलेले, पिळवटलेले, कुजके असे वेगळे ठेवा. सोयाबीनमध्ये हे विशेष पाहायचे, कारण हे पीक आपली दोन्ही दले मानेच्या जोरावर मातीवर उचलून आणते. तूर आणि हरभऱ्यात दले जमिनीतच राहतात, फक्त कोंब वर येतो, म्हणून कठीण मातीतून ती पिके जास्त सहज निघतात. गोणपाटात मान मोडलेले सोयाबीन काळ्या जमिनीच्या पापुद्र्यातून वर येणार नाही.

काही दाणे आठ दिवसांनीही खड्यासारखे टणक राहतात. ते मेलेले नसतात. आवरणातून पाणीच आत गेलेले नसते. तूर, मूग, उडीद, अंबाडीत असे दाणे निघतात. त्यांची वेगळी मोजणी करा, पण पेरणीच्या हिशेबात धरू नका. ते उगवतील तेव्हा तुमचे पीक गुडघाभर झालेले असेल.

मऊ पडून बुरशी आलेले दाणे जास्त असतील तर आणखी एक गोष्ट करून पाहा. तेच बियाणे थायरम 3 ग्रॅम प्रति किलो या प्रमाणात चोळून दोन गुंडाळ्या वेगळ्या लावा. टक्का सुधारला तर बुरशीचा त्रास होता आणि बीजप्रक्रियेने तो बराच आवरेल. सुधारला नाही तर दाण्यात जीवच नाही. औषध चोळलेले दाणे स्वयंपाकघरापासून आणि जनावरांपासून दूर ठेवा, मोजणीनंतर पुरून टाका.

टक्का आला, आता एकरी किती पेरायचे

सोयाबीनची एकरी 30 किलोची शिफारस 70 टक्के उगवण गृहीत धरून आहे. शंभर दाण्यांचे वजन 12 ग्रॅम धरले तर 30 किलोत अडीच लाख दाणे येतात, त्यातले 70 टक्के म्हणजे पावणेदोन लाख, आणि 45 बाय 5 सेंटिमीटर अंतरावर एकरात बसणारी रोपेही जवळपास तेवढीच. म्हणजे या हिशेबात सूट अजिबात नाही. टक्का घसरला की रोपे थेट कमी होतात. 30 ला 70 ने गुणून तुमच्या टक्क्याने भागा: 65 आले तर साडेबत्तीस किलोच्या जवळपास, 60 आले तर 35 किलो. साठच्या खाली गेले तर ते बियाणे म्हणून वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बियाणे वाढवून टक्का भरून निघतो, पण अशा लॉटमधली जी रोपे उगवतात तीही बहुधा दुबळी असतात.

घरातला टक्का शेतात तसाच येत नाही, नेहमी कमीच येतो. तो फरक कमी ठेवणे मात्र तुमच्या हातात आहे. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका आणि तीन ते चार सेंटिमीटरपेक्षा खोल टाकू नका. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने बियाणे खोल जाते आणि दोष बियाण्यावर येतो, असे प्रकार बरेच असतात. पहिल्या दोन ओळी पेरून झाल्या की उतरून माती उकरून खोली पाहा. पहिली चाचणी मेच्या मध्यावर करा, म्हणजे बियाणे नापास झाले तर दुसरे शोधायला वेळ राहतो. जूनच्या सुरुवातीला एकच गुंडाळी पुन्हा लावून खात्री करा.

रब्बी ज्वारीचे गणित वेगळे

मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि मालदांडी असो की फुले वसुधा, फुले सुचित्रा, घरचे बी राखणारे शेतकरी ज्वारीत आजही पुष्कळ आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेले बी पेरणीपर्यंत पूर्ण पावसाळा घरात काढते, म्हणून ऑगस्टच्या शेवटी चाचणी घ्या. निवडक कणसे आढ्याला टांगून ठेवायची जुनी रीत बियाण्यासाठी चांगलीच होती. पेवातली ज्वारी भाकरीसाठी. बियाण्यासाठी ती कोणी धरत नसे.

एकरी चार किलो ज्वारीत लाखाच्या वर दाणे असतात आणि 45 बाय 15 सेंटिमीटरवर ठेवायची रोपे साधारण साठ हजार. विरळणी करायची असल्याने इथे सूट आहे. पण ही सूट खोडमाशी आणि ओल उडालेला वरचा थर मिळून खाऊन टाकतात. पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर या काळात, बहुधा साठवलेल्या ओलीवर होते, त्यामुळे बी लवकर निघणे महत्त्वाचे. ज्वारीत चौथ्या दिवशी किती दाणे अंकुरले तो आकडा मी अंतिम टक्क्याइतकाच मोलाचा मानतो. अंतिम टक्का 80 पण चौथ्या दिवशी निम्मेच, असे बी ओल कमी असेल तेव्हा दगा देते. टक्का 75 च्या वर असावा. पेरताना काणी रोगासाठी 300 मेश गंधक 4 ग्रॅम प्रति किलो चोळायला विसरू नका.

विकतचे बियाणेही तपासा

प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग असतो, त्यावर चाचणीची तारीख असते आणि त्या तारखेपासून नऊ महिने वैधता. किमान उगवण सोयाबीनला 70, तूर आणि ज्वारीला 75, हरभऱ्याला 85 टक्के हवी. टॅग बरोबर असला तरी दुकानाच्या गोदामात, वाहतुकीत काय झाले ते टॅगला माहीत नसते. पिशवी खालच्या बाजूने उघडा म्हणजे टॅग शाबूत राहतो, आणि शंभर दाण्यांची एक गुंडाळी लावा. घरची चाचणी कायद्याने पुरावा ठरत नाही. तिच्यावरून शंका आली तर कृषी कार्यालयामार्फत नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो. शासकीय बीज चाचणी प्रयोगशाळा पुणे, नागपूर आणि परभणी येथे आहेत.

पावती, पिशवी, टॅग आणि मूठभर शिल्लक बियाणे हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. पेरूनही उगवण झाली नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लगेच लेखी तक्रार द्या. तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती शेतात येऊन रोपे मोजते, खोली आणि ओलही पाहते. पाऊस हातचा जाईल म्हणून लोक घाईने सगळ्या रानावर कुळव फिरवतात आणि मग समितीला पाहायला काही उरत नाही. दुबार पेरणी थांबवता येत नसेल तर शेताच्या दोन-तीन ठिकाणी दहा-दहा ओळी तशाच ठेवा, त्यांचे तारखेसह फोटो काढा, आणि पंचनामा होईपर्यंत त्या मोडू नका.